गॅसवर चालणाऱ्या रायफलीची साफसफाई आणि देखभाल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न बहुतेक नव्याने भरती झालेल्या पोरांचे आहेत. काही राज्य राखीव दलातल्या जवानांचे, काही आऊटपोस्टवर बदली होऊन आलेल्या शिपायांचे, थोडे एनसीसीच्या कॅडेटांचे आणि एक-दोन चक्क शेतकऱ्यांचे. उत्तरं देताना एसएलआर, इन्सास आणि एके या तीन रायफली डोळ्यांपुढे ठेवल्या आहेत. तुमच्या कोतमधल्या (शस्त्रं ठेवायच्या खोलीतल्या) पुस्तकात वेगळं काही लिहिलं असेल तर पुस्तकाचं ऐकायचं, माझं नाही.

गॅसवर चालते म्हणजे काय? गॅस भरावा लागतो का?

हसू नका, हा प्रश्न दर बॅचला येतो. बाहेरून काहीही भरावं लागत नाही. गोळीतली दारू जळली की गॅस तयार होतो आणि तोच गोळीला नळीतून पुढे ढकलतो. नळीच्या वरच्या अंगाला एक बारीक भोक असतं. गोळी त्या भोकाच्या पुढे सरकली की थोडा गॅस तिथून वर गॅस सिलिंडरमध्ये शिरतो आणि पिस्टनला धक्का देतो. पिस्टन चालते पुर्जे मागे ढकलतो, झाडलेल्या गोळीचं रिकामं खोकं बाहेर पडतं, स्प्रिंग सगळं पुन्हा पुढे आणते आणि येताना नवा राउंड (गोळी) चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी गोळी बसते त्या जागेत, जातो.

एसएलआरमध्ये पिस्टन वेगळा असतो. तो एक ठोसा देऊन आपल्या स्प्रिंगच्या जोरावर परत जागेवर येतो. एके आणि इन्सासमध्ये पिस्टन चालत्या पुर्जालाच जोडलेला असतो आणि पूर्ण अंतर त्याच्यासोबत मागेपुढे धावतो. सफाईच्या दृष्टीने एवढा फरक ध्यानात असला की पुरे.

जुन्या .303 रायफलीला एवढी सफाई लागत नव्हती असं जुने लोक म्हणतात. खरं आहे का?

अर्धं खरं आहे. .303 मध्ये बोल्ट (नळी मागून बंद करणारा पुर्जा) हाताने ओढायचा, त्यामुळे जळलेल्या दारूचा धूर नळीतून पुढे निघून जायचा. गॅसच्या रायफलीत त्याच धुराचा एक वाटा यंत्राच्या आत घेतला जातो, म्हणून काजळी सिलिंडरमध्ये, पिस्टनच्या तोंडावर आणि गॅसच्या भोकात बसते. ही रायफल आपली घाण आपणच तयार करते, आणि ती घाण नेमकी तिला चालवणाऱ्या जागी साठते.

उरलेलं अर्धं मात्र जुने लोक सांगत नाहीत. .303 च्या काळात फायरिंग झाल्यावर नळीत उकळतं पाणी ओतायची पद्धत होती. त्या वेळच्या गोळीच्या टोपीतल्या रसायनाचं नळीत मीठ उरायचं. मीठ पाण्यात विरघळतं, तेलात नाही. नुसतं तेल मारून रायफल ठेवून दिली तर वरून चकचकीत दिसणारी नळी आतून गंजायची. तेव्हा मेहनत तेव्हाही होतीच, फक्त वेगळ्या जागी.

सफाईला बसण्याआधी रायफल खाली, म्हणजे रिकामी, कशी करायची?

आधी मॅगझिन (गोळ्यांची पेटी) काढा, मग कॉक करा, म्हणजे कॉकिंग हँडल मागे ओढून सोडा. हा क्रम कधीही उलटा करायचा नाही. मॅगझिन लावलेलं असताना कॉकिंग हँडल ओढलं की चेंबरमधला राउंड बाहेर पडतो, पण हँडल सोडताक्षणी मॅगझिनमधला वरचा राउंड आत जाऊन बसतो. माणसाने बाहेर पडलेला राउंड पाहिलेला असतो, त्यामुळे रायफल खाली झाली असं त्याला वाटतं. सफाई करताना झालेले अपघात पाहाल तर त्यांतले पुष्कळ याच एका उलट्या क्रमातून झालेले असतात.

तोंड सुरक्षित दिशेला, बोट ट्रिगरबाहेर, सेफ्टी लावलेली. एकेची सेफ्टी लावलेली असली की हँडल पूर्ण मागे येत नाही, म्हणून तिची सेफ्टी मॅगझिन काढल्यावर कॉक करण्यापुरती सोडायची. मॅगझिन काढलं की दोन-तीनदा पूर्ण कॉक करा, हँडल मागे धरून चेंबरमध्ये नजर टाका, अंधार असेल तर करंगळी घालून चाचपा. सोबत कोणी असेल तर त्यालाही पाहू द्या. गोळ्या आणि भरलेली मॅगझिनं सफाईच्या ताडपत्रीवर ठेवायची नाहीत, दुसऱ्या जागी ठेवायची. दोन मिनिटांपूर्वी तुम्हीच खाली केलेली रायफल असली तरी पुन्हा हातात घेताना पुन्हा तपासायची.

सामान काय काय लागतं?

पुलथ्रू (चिंदी अडकवून नळीतून ओढायची दोरी) किंवा रॉड, चिंदी, पितळी किंवा ब्राँझचा ब्रश, एक जुना टूथब्रश, कोतमधून मिळणारं शस्त्राचं तेल, रायफलीसोबतचं कॉम्बिनेशन टूल आणि एक स्वच्छ ताडपत्री. एकेच्या बटमध्ये सफाईचं सामान ठेवायला जागाच दिलेली असते. बट उघडून पाहिलं नसेल तर आज पाहा, आतला डबा असतोच असं नाही.

चिंदीबद्दल थोडं जास्त सांगतो. 7.62 च्या (एसएलआर, एके) नळीला कोरड्या सफाईसाठी 4 बाय 2 इंच आणि तेल लावायला 4 बाय दीड इंच, ही जुनी मापं अजून चालतात. 5.56 ची (इन्सासची) नळी बारीक असल्यामुळे तिला चिंदी लहान लागते. मोठी घातली तर ती मधेच अडकते, मग चार जण मिळून पुलथ्रू ओढतात, दोरी तुटते आणि प्रकरण आर्मोररकडे (शस्त्रं दुरुस्त करणाऱ्याकडे) जातं. सरकारी फलालीन संपलं असेल तर जुन्या सुती धोतराइतकं चांगलं कापड दुसरं नाही. टेरिकॉट, पॉलिस्टर वापरू नका, ते काही शोषत नाही. आपल्याकडे घराघरांत कापूस पडलेला असतो म्हणून मोकळ्या कापसाचे बोळे घालणारेही पाहिलेत. त्याचे तंतू गॅसच्या भोकात आणि एक्स्ट्रॅक्टरच्या (खोकं ओढून काढणाऱ्या आकड्याच्या) खाली राहतात आणि तेलात भिजून तिथेच घट्ट बसतात.

सफाईचा क्रम काय?

रायफल खाली करा, खोला, पुर्जे ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने डावीकडून उजवीकडे मांडा. जोडताना उजवीकडून उचलत यायचं. एसएलआरचा गॅस प्लग (गॅस सिलिंडरचं पुढचं बूच) काढताना तोंड त्याच्या समोर आणू नका. मागे पिस्टनची स्प्रिंग दाबलेली असते. प्लग फिरवून मोकळा झाला की ती त्याला उडवते, म्हणून अंगठा प्लगवर दाबून ठेवूनच फिरवायचा.

आधी नळी आणि चेंबर, मग गॅसचे पुर्जे, मग बोल्ट किंवा ब्रीच ब्लॉक (एसएलआरमधला बोल्ट) आणि स्लाईड (त्याला मागेपुढे नेणारा पुर्जा), शेवटी बॉडीचा आतला भाग. नळी आधी घेण्याचं कारण असं की तिच्यातली घाण चेंबरमधून बॉडीतच सांडते. बॉडी आधी पुसली तर ती दुसऱ्यांदा पुसावी लागते.

पुलथ्रू चेंबरकडून घालायचा आणि तोंडाकडून सरळ ओढायचा. दोरी तिरकी ओढली की ती नळीच्या तोंडाची कड घासते. वर्षानुवर्षं असं झालं की तिथे खोबण पडते आणि रायफल नेम सोडते. गोळी नळीतून सुटताना सगळ्यात शेवटी ज्या कडेला शिवते ती हीच कड. एका झटक्यात, न थांबता ओढा. मधे थांबलात तर चिंदी तिथेच घाण सोडते.

चेंबर विसरायचं नाही. नळीतून उजेड पाहून सगळे खूश होतात, पण चेंबर नळीपेक्षा रुंद असतं आणि नळीची चिंदी त्याच्या भिंतींना नीट लागतही नाही. त्यासाठी काडीला चिंदी गुंडाळून वेगळं पुसावं लागतं.

तेल कुठे लावायचं आणि किती?

इथे सगळ्यात जास्त गडबड होते. गावाकडच्या ठाण्यांत खराब झालेल्या रायफली पाहिल्या तर सफाई न झाल्यामुळे बिघडलेल्या थोड्या आणि तेलात बुडवल्यामुळे बिघडलेल्या जास्त, असं माझं मत आहे. तपासणी आली की साहेबाला रायफल चमकताना दिसली पाहिजे, म्हणून तेल ओतलं जातं. साहेब बोट फिरवतात, बोट ओलं होतं, शेरा चांगला मिळतो. मग ती रायफल घेऊन शिपाई जीपच्या मागे फुफाट्यात बसतो. तासाभरात तेल आणि धूळ मिळून असा लेप तयार होतो की त्याने कानस मारल्यासारखे पुर्जे घासतात.

पिस्टन, गॅस सिलिंडर, गॅस प्लग, रेग्युलेटर (गॅस कमी-जास्त करायची कळ) या गॅसच्या जागा कोरड्या ठेवायच्या. इथे तेल लावलं तर पहिल्याच फायरिंगला ते जळतं आणि त्याची कडक काजळी होते, जी दारूच्या काजळीपेक्षा सुटायला अवघड. फार दिवस फायरिंग होणार नसेल आणि पावसाळा असेल तर चिंदीने नुसता पुसट हात फिरवायला हरकत नाही. फायरिंगच्या आधी मात्र तो पुसून काढायचा.

चेंबर पूर्ण कोरडं. गोळी सुटते तेव्हा पितळेचं खोकं फुगून चेंबरच्या भिंतींना घट्ट चिकटतं आणि मागे येणाऱ्या धक्क्याचा काही भार त्या भिंती घेतात. तिथे तेल असेल तर पकड सुटते आणि तो सगळा भार बोल्टवर येतो. नळीतलं तेलसुद्धा फायरिंगआधी कोरड्या चिंदीने ओढून काढायचं.

तेल लागतं ते जिथे लोखंड लोखंडावर घासतं तिथे: स्लाईड ज्या खाचांतून धावते त्या खाचा, बोल्ट फिरतो ती जागा, कॉकिंग हँडलची पट्टी, रिटर्न स्प्रिंग. किती? बोट फिरवल्यावर चमक दिसावी, पण थेंब ओघळू नये. बाहेरच्या काळ्या रंगावर तेलकट चिंदी फिरवून लगेच कोरडी चिंदी फिरवायची. घामाचे हात लागलेल्या जागी हे रोज करायचं, कारण उन्हाळ्यात ड्युटी केलेल्या माणसाच्या हाताच्या घामात मीठ असतं.

सरकारी तेल संपलं. घरातलं तेल चालेल का?

खोबरेल नको. डिसेंबरात आपल्याकडे खोबरेलाची बाटली उन्हात ठेवल्याशिवाय थेंब पडत नाही, ते रायफलीत जाऊनही तेच करेल. गोडं तेल, सरकीचं, शेंगदाण्याचं, कोणतंही खायचं तेल काही दिवसांत चिकट होतं आणि पुर्जे जड करतं.

जवसाच्या तेलाची गोष्ट वेगळी आहे. ते हवेत सुकून कडक थर धरतं, म्हणून लोखंडाला वाईट आणि लाकडाला उत्तम. जुन्या एसएलआरच्या लाकडी बटला कच्च्या जवसाच्या तेलाचा हात द्यावा, तळव्याने चोळून मुरवावा आणि वरचं जास्तीचं पुसून काढावं. लाकूड पाणी पीत नाही आणि उन्हाने तडकत नाही. एक सावधगिरी: ते तेल लागलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. सुकताना तेल तापतं आणि ढिगातल्या चिंध्या आपोआप पेटू शकतात. त्या मोकळ्यावर पसरून वाळवायच्या किंवा पाण्यात भिजवून टाकायच्या.

रॉकेल आणि डिझेल घाण सोडवतात हे खरं, पण मागे राहत नाहीत. त्यांनी जुनं तेलही धुऊन निघतं आणि उघडं पडलेलं लोखंड आपल्याकडच्या पावसाळ्यात एका रात्रीत लाल होतं. नाइलाजाने वापरलंच तर चुलीपासून आणि बिडीपासून लांब, मोकळ्या हवेत, आणि नंतर पूर्ण पुसून शस्त्राचं तेल. पेट्रोल तर नकोच. शिलाई मशीनचं तेल एखादा दिवस निभावून नेतं, पण ते पातळ असतं आणि लवकर उडतं.

पिस्टनवरची काजळी निघतच नाही. पॉलिश पेपर मारू का?

नाही. विटकरीची भुकटी, राख, तारेची घासणीही नाही. पिस्टन सिलिंडरमध्ये मापात बसतो. तुम्ही तो घासून बारीक केलात की बाजूने गॅस निसटतो आणि ठोसा कमी पडतो. चकचकीत पिस्टन आणि अडकणारी रायफल, असा जोड मग हातात येतो.

काजळी सुटायला वेळ द्यावा लागतो. पिस्टनच्या तोंडाला तेल लावून तासभर ठेवा, मग ब्राँझच्या ब्रशने घासा, पुसा, पुन्हा तेच. शेवटी कोरडं. पिस्टनचं तोंड काळपट राहिलं तरी चालतं, बोटाला खपली लागत नसेल तर तो साफ आहे. रंग जायला हवा हा हट्ट सोडा.

गॅसच्या भोकाबद्दल तर आणखी जपून. हे भोक मोटारसायकलच्या कार्बोरेटरच्या जेटसारखं समजा, त्याच्या मापावर सगळा खेळ आहे. खिळा, दाभण, ड्रिल असलं काही घालून ते मोठं झालं तर पिस्टनला गरजेपेक्षा जास्त गॅस मिळतो, पुर्जे जोरात मागे आदळतात आणि रायफल लवकर झिजते. भोक बुजल्याची शंका असेल तर आर्मोररला दाखवा.

गॅस रेग्युलेटर कुठल्या नंबरवर ठेवायचा?

एसएलआरमध्ये रेग्युलेटर जितका उघडा, तितका जास्त गॅस बाहेर सोडला जातो. तो बंद करत आणला की पिस्टनकडे जास्त गॅस जातो. रायफल व्यवस्थित चालेल इतक्याच कमी गॅसवर ती ठेवायची, जास्तीचा धक्का पुर्जांना कशाला द्यायचा? नंबर प्रत्येक रायफलीचा वेगळा असतो आणि तो रेंजवर ठरवतात. शेजारच्याचा नंबर पाहून आपला लावण्यात अर्थ नाही. आपला नंबर वहीत लिहून ठेवा आणि सफाईनंतर तिथेच परत आणा. सफाईत तो हमखास हलतो.

फायरिंग करताना पुर्जे पूर्ण मागे जात नाहीत, खोकं अर्धवट अडकतं, अशी लक्षणं दिसली की पोरं लगेच रेग्युलेटर फिरवतात. चालू वेळी तेवढंच करणं बरोबर. पण घरी आल्यावर गॅसच्या जागा खोलून काजळी काढा आणि नंबर परत आणा. नाहीतर काजळी वाढत जाते, रेग्युलेटर बंद होत जातो आणि एक दिवस फिरवायला पुढे जागाच उरत नाही.

एसएलआरचा गॅस प्लग उलटा बसवला तर पिस्टनकडे जाणारा गॅस बंद होतो. ग्रेनेड फेकण्यासाठी ती सोय केलेली आहे. मग प्रत्येक गोळीनंतर हाताने कॉक करावं लागतं आणि माणूस रायफल बिघडली म्हणून रिपोर्ट करतो. एकेला रेग्युलेटरच नसतो.

एके कितीही मळली तरी चालते म्हणतात. मग तिची सफाई कशाला?

1947 च्या त्या आराखड्यात चालत्या पुर्जांमध्ये जागा मोकळी ठेवली आहे, पिस्टन जड आहे, गॅस भरपूर मिळतो आणि नळीला आतून क्रोम असतं. त्यामुळे ती मळ सहन करते, पण गंजाला काही ती अपवाद नाही. गॅस ट्यूबच्या आत हात पोचत नाही म्हणून ती सगळ्यात दुर्लक्षित जागा. लिव्हर फिरवून ट्यूब काढा आणि चिंदी आरपार ओढा.

अशा बढाईवर विसंबण्याचं फळ अमेरिकनांनी व्हिएतनाममध्ये भोगलं. त्यांच्या एम-16 रायफलीला फारशी सफाई लागत नाही असा समज पसरला होता, सफाईचं सामानही पुरेसं दिलं गेलं नव्हतं. त्यात गोळीतली दारू बदलली, ती जास्त घाण करायची, आणि चेंबरला क्रोम नव्हतं. त्या दमट हवेत खोकी चेंबरमध्ये अडकू लागली. 1967 साली अमेरिकी संसदेच्या समितीने त्याची चौकशी केली. पुढे चेंबरला क्रोम आलं आणि प्रत्येकाला सफाईचं सामानही.

इन्सासची उलट कथा सांगतात, कारगिलच्या थंडीत तिची प्लॅस्टिकची मॅगझिनं तडकल्याची. आपल्याकडे तशी थंडी नाही, पण मॅगझिन जीपच्या लोखंडी तळावर आपटू नये एवढं बघा.

पावसाळ्यात गडचिरोलीकडे ड्युटी आहे. काय काळजी घ्यायची?

भामरागडला पर्लकोटेला पूर आला की गावाचा संपर्क तुटतो हे आता सगळ्यांना माहीत आहे. अशा वेळी आर्मोरर येणार नाही, तेल येणार नाही, जे आहे ते तुमच्या पिशवीत. तेव्हा जूनच्या आधीच तेलाची बाटली आणि चिंद्या प्लॅस्टिकमध्ये बांधून घ्या.

ओली रायफल कव्हरमध्ये घालून ठेवायची नाही. कॅनव्हास किंवा कातडी कव्हर ओल धरून ठेवतं आणि रायफल आतल्या आत गंजते. मुक्कामावर पोचलं की आधी रायफल, मग स्वतःचे कपडे. खोला, कोरडी करा, तेलाचा हात द्या, उघड्यावर वारं लागेल अशी ठेवा. शेकोटीजवळ वाळवू नका.

नाला ओलांडल्यावर किंवा मुसळधार पावसातून आल्यावर नळीत पाणी राहतं. 5.56 ची नळी इतकी बारीक की पाणी आपणहून गळून जात नाही, धरून राहतं. तशात फायर केलं तर नळी फुगू किंवा फाटू शकते. तोंड जमिनीकडे करा, हँडल दोन-तीन इंच मागे ओढून धरा म्हणजे मागून हवा शिरते आणि पाणी उतरतं. बांधात पडलात, तोंडाशी चिखल गेला असं वाटलं तर गोळी झाडून तो उडवायचा प्रयत्न कधीही करू नका. रायफल खाली करून नळीतून उजेड बघा.

एसी गाडीतून किंवा गार खोलीतून दमट हवेत आलात की रायफलीला घाम सुटतो, आतूनही. अर्ध्या तासाने पुसून घ्या.

आणि उन्हाळ्यात?

चंद्रपूर-नागपूरकडे पारा 45 च्या वर जातो, तेव्हा तेल पातळ होऊन खाली उतरतं आणि उभ्या ठेवलेल्या रायफलीचं सगळं तेल बटाकडे जमा होतं. कमी तेल लावा, वारंवार लावा. पऱ्हाटीच्या वावरातून, धुऱ्याधुऱ्याने पेट्रोलिंग असेल तर बॉडी कव्हरच्या खाली काळी माती जाते. ती कोरडी असेपर्यंत ब्रशने झाडून निघते. तेलाने ओली झाली की पुन्हा सगळं खोलावं लागतं. बंद गाडीच्या काचेखाली रायफल आणि गोळ्या ठेवू नका.

खंडेनवमीला पूजा झाल्यावर काय करावं?

पूजा जरूर करा. हळदकुंकू ओलं करून बॉडीवर लावतात, अक्षता टाकतात, नळीच्या तोंडात झेंडूचं फूल खोवतात आणि दुसऱ्या दिवशी वरवर पुसून रायफल रॅकमध्ये जाते. कुंकवाखाली ओल राहते, तिथे नेमका टिळ्याच्या आकाराचा गंज चढतो. तांदळाचा दाणा ट्रिगरच्या खिडकीतून आत गेला तर तो शोधायला सगळी रायफल खोलावी लागते. त्याच संध्याकाळी पूर्ण सफाई करा आणि नळीतून उजेड बघितल्याशिवाय रायफल आत देऊ नका. नारळाचं पाणी शिंपडणाऱ्याला आधीच थोडं मागे उभं करा.

मॅगझिन आणि गोळ्यांना तेल लावायचं का?

गोळ्यांना कधीच नाही. कोरड्या कापडाने पुसायच्या. पितळेवर हिरवट कळंक दिसला, गोळी खोक्यात सैल वाटली किंवा खोक्याला पोचा असला तर ती वेगळी काढून जमा करा. गोळ्या कातडी पाऊचमध्ये फार दिवस ठेवल्या की कळंक लवकर येतो.

मॅगझिन खोलून आतून कोरडं पुसा. स्प्रिंगला तेलाचा नुसता वास लागला तरी खूप झालं. वरच्या ओठांना पोचा पडलेला नाही ना, प्लॅटफॉर्म (गोळ्यांखालची पट्टी) दाबून सोडल्यावर अडकत नाही ना, एवढं पाहा. पुष्कळ अडकाअडकीचं मूळ मॅगझिनमध्ये असतं आणि शिव्या रायफलीला बसतात. म्हणून मॅगझिनवर खडूने आकडा टाका. एकच मॅगझिन पुन्हा पुन्हा अडकतंय हे त्याशिवाय कळत नाही.

आम्ही चौघं एकाच ताडपत्रीवर सफाई करतो. चालेल?

ताडपत्री एक चालेल, पण मधे रेघ आखून घ्या. बोल्ट आणि नळीचं माप त्या त्या रायफलीपुरतं जुळवलेलं असतं. शेजारच्याचा बोल्ट तुमच्या रायफलीत बसेलही, कॉकही होईल, पण बंद झाल्यावर मागे उरणारी जागा चुकीची असू शकते, आणि ते गोळी झाडल्यावरच कळतं. बोल्टवर, स्लाईडवर नंबराचे आकडे कोरलेले असतात. जोडताना बॉडीच्या नंबराशी ते मोठ्याने वाचून जुळवा.

सफाई किती दिवसांनी?

फायरिंग झालं त्याच दिवशी, नळी कोमट असतानाच. त्यानंतर दोन-तीन दिवस रोज नळीतून चिंदी ओढा, कारण पहिल्या दिवशी साफ वाटलेली नळी दुसऱ्या दिवशी पुन्हा काळी चिंदी देते. ड्युटीवरची रायफल रोज बाहेरून आणि नळीतून. रॅकमधली आठवड्याला, पावसाळ्यात त्याहून लवकर.

चिंदीवर निळसर हिरवा डाग आला तर तो गोळीच्या वेष्टनातल्या तांब्याचा. साध्या वापरात त्याच्या मागे लागायची गरज नाही.

आर्मोररला कधी दाखवायचं?

ट्रिगर मेकॅनिझम स्वतः खोलायचं नाही, साईट हलवायच्या नाहीत. नळीत फुगवटा किंवा वर्तुळासारखी सावली दिसली, एक्स्ट्रॅक्टरची कड तुटली, फायरिंग पिनचं टोक चपटं झालं, सेफ्टी लावूनही ट्रिगर सुटला, तर रायफलीला चिठ्ठी बांधून बाजूला ठेवा. तारेने बांधून, चिमट्याने वाकवून चालवलेली रायफल पुढच्या माणसाच्या हातात जाते आणि त्याला काही माहीत नसतं.

मी शेतकरी आहे. रानडुकरांसाठी पीक संरक्षणाची बाराबोर आहे. हे सगळं तिला लागू आहे का?

भाऊ, तुमच्या दुनळीत पिस्टन नाही, गॅसचं भोक नाही. रायफल खाली करणं, कोरडं चेंबर, कमी तेल, सरळ पुलथ्रू, ओलं कव्हर नको, एवढं सगळं लागू. बिजागरीच्या पिनला तेलाचा थेंब आणि नळीत शिशाचा थर दिसला तर ब्राँझचा ब्रश. नळ्यांच्या तोंडात कुंभारमाशी मातीचं घर करते, जागलीला निघण्याआधी आरपार बघा. वावरात मचाणीवर बंदूक सोडून घरी जेवायला येऊ नका.

मग मला लायसनवर गॅसची रायफल मिळेल का?

1959 च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे स्वयंचलित रायफल प्रतिबंधित शस्त्रात मोडते, सामान्य नागरिकाला ती मिळत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर प्रतिबंधित शस्त्र बेकायदा बाळगल्यास किमान 7 वर्षांची शिक्षा आहे. साध्या लायसनवरही आता दोनपेक्षा जास्त शस्त्रं ठेवता येत नाहीत. कोणी स्वस्तात देतो म्हणाला तर त्याच्याकडे चहासुद्धा पिऊ नका.

रायफल कोतमध्ये जमा करताना काय बघायचं?

खाली करून, हँडल मागे धरून कोत हवालदाराला चेंबर दाखवा. नंबर वाचून रजिस्टरला सही करा. रेग्युलेटर आपल्या नंबरवर आहे ना, स्प्रिंग मोकळी सोडली आहे ना, तोंडावर कव्हर किंवा चिंदी राहिलेली नाही ना, ते पाहा. नळीत तेलाची चिंदी ओढून ठेवली असेल तर रजिस्टरमध्ये तसं लिहा. सकाळी ती रायफल घेणारा दुसराच कोणी असेल आणि त्याला ती आधी कोरडी करायची आहे.